पासिंगची चाकं

गाडीला लिंबू-मिरची बांधली, की झिजलेल्या टायरवर परत नक्षी उगवते का हो?

हसू नका! सांगा ना! उगवते का?

हा प्रश्न माझा नाही बरं. त्या बघा, तिसऱ्या खांबाला टेकून चार पोरी बसल्यात, ओढणी तोंडाशी धरून खुसखुसतायत — माझ्याच वर्गातल्या. काल मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "तू मोठी कीर्तनकार ना? मग सप्ताहात, भर मंडपात, सगळ्या गाडीवाल्यांच्या तोंडावर हे विचारून दाखव! तेही तुझे बाबा पहिल्या रांगेत बसलेले असताना!" म्हटलं, त्यात काय! विचारलं! बाबा समोर बसलेत. आई बायकांत बसलीय. झालं समाधान? आता गप्प बसायचं आणि ऐकायचं.

मृदंगकाका, हात जरा थांबवा. कारण प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. देवाला हार घालायचा, नारळ फोडायचा — आणि देवाने ज्यांना आपल्या भरवशावर सोडलंय, त्यांना मात्र झिजून गोटा झालेल्या टायरवर बसवून घाटात सोडायचं! ह्याला भक्ती म्हणायचं का?

उत्तर मी नाही देणार. उत्तर देतील वाघेरीचे यशवंतअण्णा.

मंडळी, ऐका! वाघेरी म्हणजे घाटमाथ्यावरचं गाव. तिथल्या खालच्या आळीत यशवंतअण्णांचं घर. देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष! माणूस कसा? शब्दाचा पक्का! "उद्या येतो" म्हणाले की उद्या दारात हजर. दुसऱ्याच्या झाडाचा खाली पडलेला आंबा उचलणार नाहीत — "मालकाला विचारलं नाही" म्हणणार! असा माणूस. लक्षात ठेवा हं. हा वाईट माणूस नाही. वाईट माणसाची गोष्ट सोपी असते, आपण म्हणतो "तो वाईटच होता" आणि प्रसाद घेऊन घरी जातो. ही गोष्ट चांगल्या माणसाची आहे. म्हणून तर चीड येते!

अण्णांनी एक पांढरी गाडी घेतली होती. मागच्या काचेवर ठसठशीत अक्षरात — "आईचा आशीर्वाद". अण्णांची बघून शेजारच्या सोपानतात्यांनी घेतली. तीच कंपनी, तेच मॉडेल! तात्यांची बघून पलीकडच्यांनी, त्यांची बघून कोपऱ्यावरच्यांनी. कुणी नवी, कुणी आधीच वापरलेली; रंग तेवढा वेगळा. आपल्याकडे असंच असतं ना? एकीने पैठणी घेतली की... हां, बाप्ये आता बायकांकडे बघून हसतायत! तुमच्याबद्दलही बोलते, थांबा!

दसरा आला की आळीत गाड्यांची रांग. काय ती पूजा! पाण्याने न्हाऊ घालायचं, झेंडूची माळ, बोनेटवर स्वस्तिक, पुढे नारळ. चारही चाकांखाली एकेक लिंबू! अण्णा आत बसायचे, गाडी हळूच पुढे घ्यायचे — फचाक! लिंबू चिरडलं की इंदूकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, हात जोडून म्हणायच्या, "संकट टळलं गं बाई!"

अहो, लिंबू चिरडायला काय लागतं? गोटा झालेला टायरही लिंबू चिरडतो! चिरडणं सोपं आहे. थांबणं अवघड आहे! आणि थांबायच्या वेळी लिंबू कामाला येत नाही.

बरं. आता गाडीचं वय झालं पंधरा वर्षं. माझ्याएवढं! आपल्या सरकारचा नियम ठाऊक आहे ना? खासगी गाडी नवी घेतली की पंधरा वर्षं तिची नोंदणी. ती संपली की गाडी तपासणीला न्यायची. मैदानावर साहेब बघणार — ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर. सगळं ठीक असलं तर पुढची पाच वर्षं चालवायची मुभा. आपण ह्याला म्हणतो पासिंग.

मला सांगा, मी दर वर्षी परीक्षा देते. चाचणी, सहामाही, सराव, वार्षिक! ह्या गाडीबाईंना पंधरा वर्षांत पहिली परीक्षा! एकच! आणि तीही — ऐका — तीही कॉपी करून!

कशी कॉपी? तेच सांगते.

खालच्या आळीत एकी फार. मंडळाच्या भांडारघरात मोठी पातेली, सतरंज्या, चहाचा टोप — सगळं सामाईक. कुणाकडे कार्य निघालं की घेऊन जायचं, घासूनपुसून परत आणायचं. त्याच भांडारघरात, सतरंज्यांच्या मागे, गोणपाट पांघरून बसली होती चार चाकं. रिमसकट! टायर कोरे, काळेभोर, नक्षी अशी खोल की बोट रुतावं. नाव काय त्यांचं? "पासिंगची चाकं"!

कळलं का? ज्याच्या गाडीचं पासिंग, त्याने आपली गोटा झालेली चाकं काढायची, ही चार चढवायची, मैदानावर जायचं, पास होऊन यायचं — आणि चाकं काढून परत भांडारघरात! मग पुढच्याचा नंबर! पातेल्यासारखं! आणि दसऱ्याला त्या चाकांनाही हळद-कुंकू! बिचारी चाकं! रस्ता बघायची ती फक्त मैदानापर्यंतचा!

ही कल्पना कुणाची? अण्णांची! अण्णा अभिमानाने सांगायचे, "आपल्या आळीसारखी एकी तालुक्यात नाही!"

हसताय? टाळकरी, तुम्हीही हसताय? पुढचं ऐका, मग बघू कोण हसतं.

अण्णांची लेक जाई. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं. बाळ गोरंगोमटं, मूठ आवळून झोपायचं. आता सासरी जायची वेळ आली, तर जावईबापू हेमंतराव आले न्यायला — मोटरसायकलवर! इंदूकाकू म्हणाल्या, "अगो बाई, तान्ह्या बाळाला ह्या वाऱ्यात नेणार? घाट उतरायचाय!" अण्णा म्हणाले, "चिंता कशाला? माझी गाडी घेऊन जा. सोमवारी पासिंग आहे, बुधवारी निघा. सरकारने तपासलेली गाडी, आणखी काय पाहिजे!"

सोमवारी अण्णांनी पासिंगची चाकं चढवली. मैदानावर साहेब आले. हॉर्न वाजवला, वायपर फिरवला, वाकून टायरकडे बघितलं. म्हणाले, "वा! पंधरा वर्षांची गाडी, पण टायर छान ठेवलेत."

अण्णांचे कान जरा गरम झाले. पण मनात म्हणाले, मी कुठे खोटं बोललो? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही!

बघा हं! पडलेला आंबा न उचलणारा माणूस! मन किती हुशार असतं बघा! आंब्याला वेगळा कायदा, टायरला वेगळा!

गाडी पास झाली. अण्णा घरी आले, अंगणात गाडी उभी केली. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीतून जाईने बघितलं आणि ओरडली, "अय्या अण्णा! नवे टायर घातलेत? बाळासाठी?"

अण्णा हसले. म्हणाले, "हो तर!"

मंडळी, हे "हो तर" लक्षात ठेवा. दोन शब्द. मायेने बोललेले. आणि सगळी गोष्ट ह्या दोन शब्दांवर उभी आहे.

मंगळवारी दुपारी जाई बाळाला घेऊन निजलेली. सोपानतात्या आले. "अण्णा, गुरुवारी माझं पासिंग. चाकं द्या. आजच लावून ठेवतो, घाई नको."

इंदूकाकूंनी ऐकलं. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, उद्या पोरगी निघायचीय. राहू द्या की ती चाकं. गुरुवारी सकाळी द्या."

"मी सोपानला शब्द दिलाय."

"शब्द काय घेऊन बसलात! घाट आहे!"

"इंदू, पंधरा वर्षं मी त्या घाटातून जातोय. काही झालं का? आणि अध्यक्षानेच शब्द मोडला तर बाकीचे काय म्हणतील?"

झालं! शब्द पाळला! सोपानतात्यांना दिलेला शब्द पाळला. साहेबांना दाखवलं ते? लेकीला सांगितलं ते? ते शब्द नव्हते का? माणसाला आपला कुठला शब्द आठवतो ते बघा — ज्याने आळीत मान राहतो तो! चाकं निघाली. जुनी चढली. तुळतुळीत! हात फिरवला तर पाटीवर फिरवल्यासारखा.

बुधवारी सकाळी निरोप. जाईच्या ओटीत नारळ, बाळाच्या कपाळाला काजळाचा टिळा. आणि गाडीला? गाडीला ताजी लिंबू-मिरची! स्वतः अण्णांनी बांधली! गाठ दोनदा ओढून बघितली — सुटायला नको ना! गाठ तपासली हो! टायर नाही तपासला!

जाई मागे बसली, बाळ मांडीवर. हेमंतराव चालवायला. "अण्णा, गाडी ठीक आहे ना सगळी?" जावयाने सरळ विचारलं. अण्णा काचेवर थाप मारून म्हणाले, "परवाच पास झालीय! निर्धास्त जा!"

गाडी गेली. इंदूकाकू अंगणात उभ्या. घाटाकडे धुकं दाटलेलं, रस्ता दवाने ओलाकच्च. मग काकू वळल्या. आवाज चढवला नाही, मंडळी — हळूच म्हणाल्या, "अहो, माझी पोर त्या चाकांवर आहे."

बस्स! पंधरा वर्षं अण्णांना जे कळत होतं, ते त्या क्षणी समजलं. जाईला फोन — लागेना. हेमंतला — लागेना. घाटात कुठला लागतोय! अण्णा तसेच अनवाणी सोपानतात्यांच्या दारात. "सोपान, गाडी काढ! पोरीच्या मागे जायचंय!"

तात्या काय म्हणाले असतील? सांगा, काय म्हणाले असतील?

तात्या म्हणाले, "अण्णा... उद्या माझं पासिंग आहे. घाटात चाकं मळतील हो!"

आता का नाही हसत?

अण्णांनी तात्यांची कॉलर धरली. गेल्या कित्येक वर्षांत ज्यांनी कुणावर हात उगारला नव्हता ते अण्णा! "मळतील? अरे, माझं नातवंड आहे तिथे!" तात्या वरमले. गाडी काढली.

आणि निघाले अण्णा. कशावर बसून? पासिंगच्या चाकांवर! वळण आलं, गाडी रस्त्याला चिकटून वळायची. तात्यांनी ब्रेक लावला की जागच्या जागी थांबायची. प्रत्येक ब्रेकला अण्णांना वाटायचं — ही थांबली. ती थांबेल का? देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर नाव येईना. काय म्हणून मागायचं त्याच्याकडे? कुठल्या तोंडाने?

मंडळी, अर्धा घाट उतरले आणि धुक्यात दिसली एसटी. आडवी उभी. माणसं खाली उतरलेली. आणि त्या माणसांच्या पलीकडे, कठड्याला टेकून, पांढरी गाडी! कठड्याचे दगड निखळलेले. पुढचं एक चाक दरीवर अधांतरी! आणि पुढे बंपरला लिंबू-मिरची — जशीच्या तशी! गाठ काय पक्की होती!

काय झालं होतं? वळणावर समोरून एसटी आली. हेमंतरावांनी ब्रेक लावला. ब्रेक लागला हो! चाकं थांबली! पण गाडी नाही थांबली! ओल्या रस्त्यावर, तुळतुळीत टायरवर, घसरत गेली, घसरत गेली... कठडा होता म्हणून.

अण्णा धावले. हेमंतरावांच्या कपाळाला रुमाल बांधलेला, लाल झालेला. आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली जाई. बाळ तिच्या कुशीत. रडत होतं. रडत होतं, म्हणजे होतं! अण्णांनी तिथेच हात जोडले, "देवा! तूच वाचवलंस रे!"

आणि जाई काय म्हणाली? बाळंतीण पोर, केस सुटलेले. म्हणाली, "अण्णा, देवाला मध्ये घेऊ नका."

"जाई, अगं—"

"सोमवारी मी खिडकीतून बघितली होती, काळीभोर नवी चाकं. मी विचारलं, बाळासाठी? तुम्ही 'हो तर' म्हणालात. ती चाकं कुठायत?"

अण्णांचे डोळे आपोआप मागे वळले. जाईचेही वळले. मागे सोपानतात्यांची गाडी उभी होती. खाली — ती चार चाकं. कोरी. काळीभोर.

जाईने बघितलं. सगळं समजलं तिला. म्हणाली, "मला शोधायला तुम्ही चांगल्या चाकांवर आलात, अण्णा. मग मला पाठवलंत कशावर?"

आहे उत्तर? कुणाकडे आहे? इथे बसलेल्या बापांपैकी एकाने द्यावं!

अण्णांनी बाळाकडे हात पुढे केले. रोज सकाळी ज्याला मांडीवर घेऊन उन्हात बसायचे ते बाळ. जाईने कूस फिरवली. "नको. आधी गाडी सुधारा." आणि नवऱ्याला घेऊन त्याच एसटीत चढली. एसटी वळवून घेतली ड्रायव्हरदादांनी, आधी दवाखान्यात पोचवतो म्हणाले. एसटी गेली. अण्णांचे हात तसेच पुढे. रिकामे.

मंडळी, शिक्षा म्हणजे ही! पोलीस नको, दंड नको. आजोबाचे रिकामे हात!

मग अण्णांनी काय केलं? गाडी ओढून आणली. टायर नवे, स्वतःचे! ब्रेक उघडून बघितले, घासलेले निघाले, ते बदलले. आणि कुणी न बोलावता गाडी घेऊन परत मैदानावर! साहेबांसमोर उभे. "साहेब, तपासा."

साहेबांनी बघितलं. "अहो काका, तुमची गाडी पास आहे. पाच वर्षांनी या!"

"साहेब, मला नापास करा!"

रांगेतली माणसं बघायला लागली. हा काय प्रकार! लोक पास करा म्हणून हाता-पाया पडतात, हा नापास करा म्हणतोय! अण्णांनी सगळं सांगितलं. चाकांचं, आळीचं, घाटाचं. भर मैदानात, मोठ्याने. साहेब उठले. ह्या वेळी नीट वाकले, एकेक चाक बघितलं, अण्णांना म्हणाले, "ब्रेक दाबा." मागे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "तुमचा मागचा एक दिवा लागत नाही."

"त्या दिवशी लागत होता?"

साहेब मान खाली घालून म्हणाले, "त्या दिवशी मी मागे गेलोच नव्हतो."

वा रे वा! हा टायर दाखवतो उसने, तो दिवा बघतच नाही! दोघांनी मिळून परीक्षा घेतली आणि दोघांनी मिळून दिली — आणि मधे बसलं कोण? मांडीवरचं बाळ! नियमाने आपल्याला इतक्या वर्षांत एकदा विचारलं, "बाबा रे, तुझी गाडी थांबते का?" एकदाच! आणि आपण त्या एकदाच्या प्रश्नालाही खोटं उत्तर देतो! कुणाला फसवतो? साहेबाला? साहेब बसणार आहे का आपल्या गाडीत?

अण्णांनी दिवा तिथेच बदलून घेतला. मग आळीत आले. सोपानतात्यांना म्हणाले, "ती चाकं तुझ्या गाडीला आहेत ना? आता काढायची नाहीत. तुझीच ती. आणि पुढच्याने आपापली आणायची." तात्या म्हणाले, "आणि आळीची एकी?" अण्णा म्हणाले, "सतरंज्यांपुरती ठेवू."

आणि मग एका सकाळी अण्णा घाट उतरले. सावकाश. लेकीच्या दारात गाडी उभी केली आणि वर गेले नाहीत. खालूनच हाक मारली, "जाई! तू येऊन बघ. मग ठरव."

जाई खाली आली. बाळ सासूच्या हातात दिलं. ओढणी कमरेला खोचली आणि चारही चाकांपाशी एकेकदा खाली बसली. टायरवर हात फिरवला, नक्षीत बोट घालून बघितलं. अण्णा उभे — परीक्षेच्या निकालाला पोरं उभी असतात तसे! म्हणाली, "ब्रेक दाबा." मागे जाऊन दिवे बघितले. दोन्ही! मग सासूकडून बाळ घेतलं आणि अण्णांच्या हातात ठेवलं.

ते हात भरले, मंडळी!

आता उत्तर मिळालं ना? पूजा करू नका असं मी म्हणत नाही. हार घाला, नारळ फोडा, मला खोबरं आवडतं! पण पूजा करताना चाकापाशी वाकताच ना? लिंबू ठेवायला वाकता! मग त्याच वाकण्यात हात फिरवा टायरवर! पासिंगला न्याल ते आपल्या चाकांवर, आपल्या ब्रेकवर, आपल्या दिव्यांवर न्या. नापास झाली तर होऊ दे! नापास झालेली गाडी दुरुस्त करता येते. आज मंडपातून उठलात की प्रसाद घ्यायच्या आधी आपापल्या गाडीपाशी जा. पोरांना घेऊन जा! पोरांनो, तुम्ही हात फिरवा! बाप नको म्हणाला तर मला येऊन सांगा!

आणि आता... बाबा.

बाबा, खाली बघू नका. माझ्याकडे बघा. आपली गाडी आणि मी एकाच वर्षी घरात आलो. बाहेर पिंपळाखाली उभी आहे, गळ्यात माळ आहे, सगळ्यांनी येताना बघितलीच असेल. पुढच्या आठवड्यात तिचं पासिंग. आज सकाळी तुम्ही अंगणात फोनवर कुणाला तरी म्हणत होतात, "टायर पासिंगपुरते देता का?" मी वेणी घालत होते, बाबा. खिडकी उघडी होती.

तुम्ही वाईट नाही. मला प्रत्येक कीर्तनाला तुम्हीच घेऊन जाता, थंडीत, घाटातून. म्हणून तर भर मंडपात सांगतेय, म्हणजे तुम्हालाही मागे फिरता येणार नाही आणि मलाही.

आई, तूही ऐक. आज मी त्या गाडीतून घरी येणार नाही. चारची एसटी आहे, तिने जाणार. पुढच्या कीर्तनालाही एसटीनेच. ज्या दिवशी त्या गाडीला आपले स्वतःचे टायर लागतील आणि मी स्वतः खाली बसून हात फिरवीन, त्या दिवशी पुढच्या सीटवर बसेन. त्याआधी नाही. तुम्ही दोघांनी कुठल्या गाडीने जायचं ते तुम्ही ठरवा. मी माझं ठरवलंय!